शुक्रवारपर्यंत बॅनर नको

आमच्याकडं माणूस गेला की आधी स्टेटस पडतं, मग रडणं. ही तक्रार नव्हे, फक्त क्रम सांगतोय. डॉक्टर नाडीवरचा हात काढायच्या आत बद्रीनाथच्या मोबाइल दुकानातून 'भावपूर्ण श्रद्धांजली' सुटलेली असते आणि तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागलेली असते. अशा घाटनांदुरात एक मृत्यू लपवायचा, तोही फिनलंडात बसलेल्या पोरीपासून, जिच्या मोबाइलमध्ये अख्खं घाटनांदूर भरलेलं आहे, ही कल्पना ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला सुचायला नको. मला ती सुचली नाही. तोंडून गेली.

पोरगी म्हणजे माझी प्रणिता. बी.एड. करते. तिच्या कॉलेजाचं तिकडच्या एका शाळेशी काहीतरी सामंजस्य झालं आणि सराव पाठ घ्यायला तिला थेट बर्फात पाठवलं. मी तिला बँकेच्या परीक्षा द्यायला सांगितलं होतं. पण आमच्या घरात मास्तरकीच्या बाबतीत माझा शब्द चालत नसे, माझ्या थोरल्या बहिणीचा चाले. गंगासागर तिचं नाव. मी अक्का म्हणायचो, प्रणिता आत्या म्हणायची आणि गाव नुसतंच बाई म्हणायचं, कारण गावातल्या निम्म्या लोकांना जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनंच बाराखडी शिकवली होती. दाजी गेल्यापासून ती आमच्याकडंच होती. दाजी गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा ती चौथीला भागाकार शिकवत होती. निरोप्याला तिनं दारात उभं केलं, गणित पुरं केलं, घंटा झाली तेव्हा फळा पुसून निघाली. गाव पुढं कित्येक वर्षं तिला दगड म्हणत होतं. अर्थात पाठीमागं. तोंडावर बाईच.

तर त्या सोमवारी प्रणिताचा पहिला पाठ. तिकडं सकाळ म्हणजे आपल्याकडं दुपार. अक्का सकाळीच इस्त्रीची साडी नेसून, मोबाइल चार्ज करून बसली होती, जणू निरीक्षक म्हणून तीच जाणार होती. चष्मा पुसता पुसता मान एका बाजूला झाली. दवाखाना लागलाच नाही.

घर माणसांनी भरलं. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात, तेही बसवून. त्याची तयारी सुरू झाली. आणि तेवढ्यात अक्काच्या उशीखाली मोबाइल वाजायला लागला. सगळी रडती माणसं एकदम गप्प झाली आणि माझ्याकडं बघायला लागली. मी उचलला.

"पप्पा? आत्याला द्या ना. पाठ झाला."

मी म्हणालो, "झोपलीय."

एवढंच. ह्यात योजना नव्हती, जीभ होती.

"ह्या टाइमाला?" प्रणिता म्हणाली. "बरं, उठली की सांगा, लई वाईट झाला. पोरं नुसती गप्प बसतात, पप्पा. प्रश्न विचारला तरी गप्प. पायात मोजे घालून बसतात आणि बघतात. वर्गात आल्यावर कुणी उठून उभं नाही राहिलं. मीच उभी राहिले वाट बघत. मागं त्या वर्गाच्या मॅडम बसलेल्या, त्या रागवत पण नाहीत. आत्याला विचारायचंय, वर्ग गप्प बसला तर काय करायचं. शुक्रवारी त्या ठरवणार, मला वर्ग द्यायचा की मागं बसवून ठेवायचं. मागं बसवलं तर झालं, परतच यायचं."

फोन ठेवला तेव्हा समोर शेजारची संगीता उभी होती. संगीता शिवणकाम करते आणि टेप गळ्यात असो नसो, समोरच्याचं माप घेते. "चांगलं केलं," ती म्हणाली. "आता कळलं तर पोरगी विमान धरती. आन् बाईंना अर्ध्यातून उठलेलं कधी चाललं न्हाई. शुक्रवारी सांगा."

आमच्या सौ. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "मला खोटं बोलायला लावू नका." आणि मग त्याही बोलल्या, ते पुढं येईल.

*

पहिला अडथळा बद्रीनाथ. 'आपलं घाटनांदूर' नावाच्या ग्रुपचा तो मालक आहे. तो बाईंचा बरा फोटो शोधत होता, म्हणूनच स्टेटस अजून थांबलं होतं. त्याला दुकानाच्या मागं नेऊन सांगितलं.

"न टाकून कसं जमंल सर?" तो म्हणाला. "लोक म्हणतेल बद्रीनाथला खबरच न्हाई. माझ्या इज्जतीचा सवाल हाय."

"पोरीच्या पाठाचा सवाल आहे."

तो विरघळला. बद्रीनाथलाही बाईंनीच शिकवलं होतं, त्याच्या म्हणण्याप्रमाणे दोनदा, कारण तो एका इयत्तेत दोनदा बसला होता. त्यानं लगेच ग्रुपवर मजकूर टाकला: 'बाईंच्या दुःखद निधनाबद्दल कुणीही स्टेटस ठेवू नये, सरांच्या प्रणिताला अजिबात कळू द्यायचं नाही.' टाकल्यावर माझ्याकडं अभिमानानं बघितलं. मी विचारलं, प्रणिता ह्या ग्रुपवर नाही का? त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं मजकूर पुसला, तिला ग्रुपमधून काढलं, मग तोच मजकूर परत टाकला.

मंगळवारी प्रणिताचा फोन. "पप्पा, मला ग्रुपमधून काढलं. कावून?"

मी म्हणालो, बाहेरच्या देशातला माणूस गावच्या ग्रुपवर ठेवायचा नाही असा नवा नियम आलाय. तर्कशास्त्रात ह्या प्रकाराला नाव आहे. मला त्या वेळी आठवलं नाही.

दुसरा अडथळा ग्रामपंचायत. अक्काचं पेन्शन, बँक, आधार, सगळं प्रणितानंच जोडून दिलं होतं आणि सगळीकडं नंबर स्वतःचा टाकला होता. मृत्यूची नोंद झाली आणि कुठल्यातरी खात्यानं तत्परता दाखवून फिनलंडला मेसेज पाठवला तर? आपल्याकडं खात्यांची तत्परता नको तिथंच उगवते. मी ग्रामसेवकाकडं गेलो आणि नोंद शुक्रवारपर्यंत करू नका म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, लोक नोंद उशिरा करतात म्हणून आम्ही त्यांच्यावर ओरडतो. उशीर करा म्हणून सांगायला आलेले तुम्ही पहिलेच. काही भानगड नाही ना?"

"नाही."

"मग तसा अर्ज द्या. भानगड नसल्याचा."

मी दिला. सरकारच्या लेखी अक्का शुक्रवारपर्यंत जिवंत राहिली. मला ते बरं वाटलं. हे मी कुणाला बोललो नाही.

तिसरा अडथळा मोहनराव. मोहनराव आमच्या भागाचे पुढारी. जमीन भरपूर, वेळ त्याहून भरपूर. मातीला आले तेव्हाच त्यांचा माणूस बॅनरचं माप घेऊन गेला होता. बुधवारी सकाळी बॅनर छापून चौकात पोचलं. डावीकडं हात जोडलेले मोहनराव, वर त्यांचे नेते, खाली त्यांचे कार्यकर्ते, आणि उजवीकडं उरलेल्या जागेत अक्का. फोटो मात्र सुरेख होता, निरोप समारंभातला, तोच फोटो प्रणिता तिकडं घेऊन गेली होती.

"साहेब, शुक्रवारपर्यंत बॅनर नको," मी म्हणालो.

"शुक्रवारपर्यंत दुःख शिळं होतंय, सर."

"कुणीतरी फोटो काढून स्टेटसला टाकला तर पोरीला कळंल."

मोहनरावांनी विचार केला. मलाही त्यांचा मान ठेवायचा होता म्हणून मी म्हणालो, शुक्रवारी लावा, तेराव्यापर्यंत ठेवा, मी काही म्हणणार नाही. बॅनर गुंडाळून बद्रीनाथच्या दुकानात ठेवायचं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका राजकीय वाटाघाटीत जिंकलो, आणि जिंकलो काय, तर माझ्या बहिणीचा फोटो दोन दिवस अंधारात ठेवण्याचा हक्क.

*

ह्या सगळ्यात एक प्रश्न तसाच राहिला होता. वर्ग गप्प बसला तर काय करायचं?

प्रणिता रोज तेच विचारत होती आणि आम्ही रोज अक्काला कुठंतरी पाठवत होतो. मी सांगितलं, घसा बसलाय. सौ.नी सांगितलं, डोळ्यात औषध घातलंय, मोबाइल बघायचा नाही. संगीतानं सांगितलं, धर्मापुरीला देवळात गेल्यात. बद्रीनाथनं स्वतःहून फोन करून सांगितलं की बाईंचा मोबाइल दुरुस्तीला आलाय, डिस्प्ले गेलाय. बुधवारपर्यंत आमची अक्का बसलेल्या घशानं, औषध घातलेल्या डोळ्यांनी, बिघडलेला मोबाइल घेऊन धर्मापुरीच्या देवळात बसली होती. प्रणिता ऐकून "बरं" म्हणायची. तिला माझ्यावर नको तितका विश्वास आहे.

मला उत्तर येत नव्हतं. कॉलेजात माझा वर्ग गप्प बसला तर मी आभार मानतो. म्हणून बाईंच्या विद्यार्थ्यांना विचारत सुटलो. सुतकात भेटायला येणाऱ्यांना मी उलट हेच विचारायचो. आमच्यात खरं तर सुतक पाळत नाहीत, पण शेजारी आमच्या वतीनं पाळतात. एक म्हणाला, बाई छडी आपटायच्या. दुसरा म्हणाला, बाईंनी छडी हातात धरलेली त्यानं बघितली नाही. बद्रीनाथ म्हणाला, "मला विचारू नका सर, माझ्यामुळं वर्ग कधी गप बसलाच न्हाई."

संगीतानं सुई थांबवली. "बाई पण गप बसायच्या," ती म्हणाली. "खिडकीकडं बघत. रागानं न्हाई, अशाच. आपल्याला वाटायचं, बाईंना घाई न्हाई. मग कुणाला तरी राहवायचं न्हाई आन् कुणीतरी बोलायचंच." मग सुई पुन्हा चालू करत म्हणाली, "त्या भागाकाराच्या दिवशी मी त्या वर्गात होते सर. अजून येतो मला."

मी प्रणिताला कळवलं, आत्याचा निरोप आहे: तूही गप्प बस. खिडकीकडं बघ. घाई करू नको.

दुपारी तिचा फोन आला. आवाजच वेगळा. "पप्पा, चाललं. मी गप्प बसले, लई वेळ. बाहेर नुसता बर्फ. मग एक पोरगी बोलली, मग दुसरा. थांबेचनात. आत्याला सांगा, चाललं म्हणून."

"सांगतो," मी म्हणालो.

नंतर चप्पल घालून बाहेर पडलो. समाधीपर्यंत गेलोही. पण तिथं दोन माणसं बसली होती, आणि मी आपला चालायला आल्यासारखं करून परतलो.

*

गुरुवारी येळवस होती. आमच्या भागात हा मोठा सण. त्या अमावास्येला अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची खोप करायची, आत दगडांचे पाच पांडव मांडायचे, पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही, ओळखीचा असो नसो, हाताला धरून जेवायला बसवायचं. प्रणिताचा गुरुवारचा पाठ म्हणजे हेच: 'माझ्या गावचा सण', शेतातून थेट, व्हिडिओवर. महिनाभर आधी ठरलेलं. आत्या वर्गाशी बोलणार होती. त्या पाठावर सगळं होतं. मॅडम तोच पाठ बघून शुक्रवारी ठरवणार होत्या.

तिकडच्या शाळेनं आधीच लेखी विचारलं होतं की व्हिडिओत दिसणाऱ्या प्रत्येक माणसाची संमती आहे का. येळवशीला कोण दिसेल ते पांडवांनाही सांगता येणार नाही. अक्कानं मात्र संमती दिली होती. सगळ्यात आधी.

दुःखाच्या घरी सण करावा का, ह्यावर गल्लीत दोन तट पडले. शेजाऱ्यांचं म्हणणं, वर्षभर काही गोड करायचं नाही. आमच्या जंगमस्वामींना विचारलं, ते म्हणाले, "पोरं वाट बघतायत ना? मग जा." म्हणून आम्ही गेलो. नव्या साड्या नेसलेली, रडून सुजलेल्या डोळ्यांची अशी येळवस घाटनांदूरच्या शिवारानं बघितली नसेल. सौ. आंबील ढवळत होत्या आणि मध्येच थांबत होत्या, कारण आंबिलीत मीठ किती हे दरवर्षी अक्का सांगायची.

तांत्रिक बाजू बद्रीनाथकडं. त्यानं तीन पायांवर मोबाइल बसवला होता आणि खोपीच्या मागं दोन बांबूंवर एक पांढराशुभ्र पडदा ताणला होता.

"मागं पांढरं पाहिजे सर. चेहरे क्लिअर येतेत."

"कुठून आणला?"

"हाय एक," तो म्हणाला आणि रेंज बघायला बांधावर चढला. मी पुढं विचारलं नाही. ह्या आठवड्यात मी पुढं विचारण्याच्या स्थितीत नव्हतो.

आत्याचं काय करायचं, ह्यावर शेवटपर्यंत मतं येत राहिली. सौ. म्हणाल्या, संगीतानं अक्काची शाल पांघरून पाठमोरं बसावं. संगीता म्हणाली, "बाईंसारखं बसता येत असतं तर मी शिवणकाम केलं नसतं." शेवटी घसाच कायम केला. बाई घरी, आराम.

फोन लागला. मोबाइलवर वर्ग आला. गोऱ्या गोऱ्या पोरांच्या रांगा, टेबलाखाली मोज्यांतले पाय, मागं खुर्चीवर त्या न रागावणाऱ्या मॅडम, आणि पुढं आमची प्रणिता, अंगावर जाड स्वेटर, कपाळाला मात्र विभूती. फळ्याच्या कोपऱ्यात तिनं अक्काचा फोटो चिकटवला होता.

छान चाललं हो. पोरांनी पांडव बघितले. उंडा हातात घेऊन दाखवला. बांधावरून एक मोटारसायकलवाला चालला होता, त्याला बद्रीनाथनं रीतीप्रमाणं ओढत आणलं, तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रणिता इंग्रजीत सांगत होती आणि मी मनात म्हणत होतो, अक्का, बघ.

आणि वारा सुटला.

बद्रीनाथनं पडदा वरच्या दोनच टोकांना बांधला होता. तो खालून फुगला, वर गेला, बांबूवरून उलटा पडला आणि आमच्या डोक्यावर उलगडला. आधी मोहनराव दिसले, हात जोडलेले. मग नेते. मग अक्का, पुरुषभर उंच, हसत. वर लाल अक्षरात जे असायचं ते.

 मोटारसायकलवाल्यानं उंडा खाली ठेवला.

तिकडं मात्र पोरं आनंदली. फोटो त्यांच्या ओळखीचा होता. फळ्यावर तोच तर होता. ती हात हलवायला लागली, अक्काच्या फोटोला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं काहीतरी विचारलं. प्रणितानं तिला उत्तर दिलं. माझं इंग्रजी बरं आहे, मला कळलं. मुलगी विचारत होती, एवढं मोठं चित्र लावलंय, तुमची आत्या राणी आहे का? प्रणिता म्हणाली, नाही, शिक्षिका आहे.

मग ती गप्प झाली आणि खिडकीकडं बघायला लागली.

वर्गही गप्प झाला. आम्हीही. वाऱ्यानं बॅनर फडफडत होतं, तेवढाच आवाज.

मग तिनं तोंड आमच्याकडं वळवलं आणि मराठीत, पण 'पुस्तकं काढा' म्हणतात त्या आवाजात विचारलं, "पप्पा, कधी?"

"सोमवारी."

"पाठाच्या आधी का नंतर?"

"आधी."

"बरं," ती म्हणाली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ती वर्गाकडं वळली आणि पुढचा मुद्दा सुरू केला. आंबील कशी करतात. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण. मीठ शेवटी. कुठलाही टप्पा सोडला नाही. एका पोरानं विचारलं, आम्ही आलो तर आम्हाला पण जेवायला बसवतील का. तिनं ते मला मराठीत सांगितलं आणि मी मान हलवली, कारण तेवढंच मला हलवता येत होतं. मागच्या मॅडमनी हातातली लेखणी कधीच खाली ठेवली होती. त्यांना मराठी येत नाही. पण काही गोष्टींना लागत नाही.

संगीता माझ्या कानाशी पुटपुटली, "दगड म्हणायचे न्हाई का सर आपले लोक."

तिकडं घंटा झाली. पोरांनी खुर्च्या आत सरकवल्या, हात हलवले, गेली. मॅडम जाता जाता प्रणिताच्या खांद्याला हात लावून गेल्या. प्रणितानं ओलं फडकं घेऊन फळा पुसला, पूर्ण, कोपऱ्यापर्यंत. फोटोला फडकं लागू दिलं नाही. मग मोबाइलसमोर येऊन बसली.

"आता सांगा."

सोमवारपासून माझ्याकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. घसा, डोळे, नियम, धर्मापुरी. आता एकच खरं सांगायचं होतं, तर तोंड उघडलं आणि आतून काही येईना. बद्रीनाथ बांबूला धरून उभा होता आणि लहान पोरासारखा रडत होता. सौ. पुढं झाल्या, "अगं, झालं असं की," म्हणाल्या आणि थांबल्या. मी पुन्हा तोंड उघडलं.

"घाई करू नका सर," संगीता हळूच म्हणाली. "ती थांबते."

ती थांबली. तिकडं खिडकीबाहेर उजाडत होतं. प्रणिता तिकडं बघत बसली, रागानं नाही, अशीच.

मग मी बोललो.